ड्रोसेनबाखचा कोरडा दगड

त्या दगडावर बसू नका, खांबेटे. बाकी सगळी टेकडी तुमचीच आहे. गवत आहे, तिकडे लिंडेनच्या झाडाखाली बाक आहे, कुठेही टेका. या एका दगडावर मात्र कुणी बसत नाही. बसायला अगदी सोयीचा आहे, मला दिसतंय ते, पण गावातलं शेंबडं पोरसुद्धा बसत नाही.

हां. आता आधी पाणी प्या सगळ्यांनी. चढ एवढासा दिसतो, पण दम काढतो. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तुमच्याआधी वर पोचले, हे घरी गेल्यावर सांगा एकमेकांना.

तुमच्या मंडळाच्या पत्रकात 'ड्रोसेनेक किल्ला' असं छापलंय ना? म्हणून तुम्ही बूट घालून, कॅमेरे घेऊन आलात. आणि वर येऊन बघता तर काहीच नाही. दरवेळी असंच होतं. आपला माणूस किल्ला म्हटला की बुरूज शोधतो, दरवाजा शोधतो, तोफ कुठे आहे विचारतो. इथे बुरूज नाही, पायरी नाही, पायासुद्धा नाही. विद्यापीठाचे लोक येऊन खणून गेले, त्यांना मडक्याचे चार तुकडे आणि घोड्याची एक नाल मिळाली. एवढा मोठा किल्ला, चार बुरुजांचा, आणि दगड राहिला तो हा एक. हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर जाड. वाकून बघा. कडेला हा पांढरा चुना अजून धरून आहे. वरच्या अंगाला गवंड्याची खूण कोरलेली आहे, एक उभी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन तिरक्या. आणि हा कोपरा उडालेला आहे. गौतमी, तुझा हात घाल बघू तिथे. बसतो ना बरोबर? सगळ्यांचा बसतो.

बाकीचे दगड कुठे गेले आणि हा एकटाच का राहिला, ते सांगते. शाळेतले मास्तर म्हणतात की दोनशे वर्षांपूर्वी खालचा रस्ता बांधायला दगड नेले. नेले असतील. मी मास्तरांशी भांडत नाही. मी माझ्या सासूबाईंनी सांगितलं तसं सांगते, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. मी मूळची मिरजेची, रत्नप्रभा सातपुते. नर्स म्हणून या देशात आले, आणि लग्न करून या गावात आले त्याला त्रेपन्न वर्षं झाली. पण ही गोष्ट सांगायची तर मी इथलीच, असं गावानं कधीच ठरवून टाकलंय.

आठशे वर्षं झाली म्हणे त्या गोष्टीला. खाली आत्ता दिसतं तेच गाव, ड्रोसेनबाख, तेव्हा एकतीस चुलींचं होतं. टेकडी बोडकी होती. आर्नुल्फ नावाचा एक सरदार या मुलखाचा मालक झाला. तो गावात आला, चर्चसमोर उभा राहिला आणि त्यानं गावाशी करार केला. मला इथे किल्ला बांधायचा आहे, तुम्ही दगड वाहा, लाकूड वाहा, चुना भाजा. मजुरी मिळणार नाही. त्याच्या बदल्यात किल्ल्याची घंटा वाजली की दरवाजा तुमच्यासाठी उघडेल. तुमची बायकामुलं, तुमच्या गाई, सगळे आत. हे त्यानं चर्चमध्ये जाऊन तिथल्या वेदीवर हात ठेवून सांगितलं.

तेव्हाचे दिवस कसे होते, ते ध्यानात घ्या. एका सरदाराचं दुसऱ्याशी वैर असलं की दुसरा त्याच्या किल्ल्याला हात लावत नसे. तो गावं जाळी. भिंतीमागचा माणूस वाचायचा आणि उघड्यावरचा मरायचा. त्यामुळे एकतीस घरांना तो करार फार मोठा वाटला. बारा वर्षं ही माणसं दगड वाहत होती असं सांगतात. ओढ्याच्या पलीकडच्या खाणीतून, पाठीवर, बैलांवर, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीनं. पाठी मोडल्या, दोन माणसं दगडाखाली गेली. पण कुणी कुरकुर केली नाही, कारण ती भिंत ते स्वतःसाठीच बांधत होते.

आणि बांधणारा होता वेंडेल. याच गावचा गवंडी. हाताला यश असलेला माणूस, पण स्वभावानं अबोल आणि आतून मानी. त्याची बायको हिल्टा. ती मात्र बोलकी, धीट, साऱ्या गावाची कामं अंगावर घेणारी. बाळंतपण असो, भांडण असो, हिल्टाला बोलवा. दोघांना मूल नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, म्हणूनच तिनं सगळं गाव पोटाशी धरलं होतं.

आता इथल्या गवंड्यांची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर अडलंय. भिंत बांधताना चुना, पाणी आत न्यायला तळाशी एक वाट ठेवत. माणूस पोटावर सरपटत जाईल एवढीच. बांधकाम झालं की तिच्या बाहेरच्या तोंडावर एक दगड बसवायचा, पण चुना न लावता. कोरडा. जाड भिंत आतून वाळायला तीन हिवाळे लागतात, तोवर ओल त्या फटीतून बाहेर पडते. तीन हिवाळ्यांनंतर गवंड्यानं यायचं, दगड चुन्यानं पक्का करायचा आणि त्यावर आपली खूण कोरायची. खूण कोरली म्हणजे काम पुरं. दगड कोरडा असेल तर खूण कोरायची नाही. अपुऱ्या कामावर नाव घालणं हे त्यांच्यात पाप मानत.

हा तो दगड. उत्तरेच्या बाजूला होता, हेझलच्या झुडपांत लपलेला. पहारीनं दोघांनी रेटला तर सरकायचा. गावात सगळ्यांना ठाऊक होता, वरच्या सरदाराला मात्र पत्ता नव्हता.

तीन हिवाळे झाले. वेंडेल चुना कालवायला निघाला तेव्हा हिल्टानं त्याला अडवलं. ती म्हणाली, सरदाराचा शब्द सरदारापाशी, आपला दगड आपल्यापाशी असू दे. उद्या दरवाजा नाही उघडला तर? वेंडेल म्हणाला, वेदीवर हात ठेवलाय त्यानं. ती म्हणाली, असू दे, तरी राहू दे. आणि तिनं त्याच्याकडून वचन घेतलं. वेंडेलनं दिलं. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि ती सहसा काही मागत नसे.

म्हणजे बघा, त्याच्या हयातीतलं सगळ्यात मोठं काम, बारा वर्षांचं, आणि त्यावर त्याची खूण नाही. तो खाली गावातून वर बघायचा आणि ते त्याला खुपायचं. अशी आणखी चार वर्षं गेली.

मग एका वसंतात मोठ्या शहरातला एक गवंडी, तिकडच्या चर्चच्या कामावरचा मोठा माणूस, आर्नुल्फकडे पाहुणा आला. त्यानं भिंत बघितली, हात फिरवला, वाखाणली. मग वेंडेलला म्हणाला, सगळीकडे शोधलं, तुझी खूण कुठे आहे? तो पाहुणा हसला म्हणे. म्हणाला, एकोणीस वर्षं झाली आणि काम अजून पुरं नाही होय? एवढंच. तो दुसऱ्या दिवशी निघूनही गेला.

पण ते वेंडेलला लागलं. माणसाला काय लागेल सांगता येत नाही. त्यानं घरी काही सांगितलं नाही. खड्ड्यात तीन वर्षं मुरवलेला चुना होता त्याच्याकडे, स्वतःसाठी राखून ठेवलेला. तो काढला, त्यात दह्याचा चक्का कालवला, तशी इथली पद्धत होती. हिल्टा शेजारच्या गावी एका बाईच्या बाळंतपणाला गेली होती, ते दोन दिवस साधले. दगड काढला, घासून स्वच्छ केला, चुन्यात बसवला. आणि त्यावर खूण कोरली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हुकूम दिला नव्हता. झुडपं पुन्हा पुढे ओढली आणि घरी येऊन सूप प्यायला. हिल्टा परत आली, त्यानं तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत उन्हाळा गेला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा माझ्या हातातला चमचा तसाच राहिला होता. मी म्हटलं, अहो, तिला सांगायचं तरी! सासूबाई म्हणाल्या, थांब, अजून पुढे आहे.

ऑक्टोबरचा महिना होता. सफरचंदं उतरवायचं काम चाललं होतं. वेंडेल त्या दिवशी किल्ल्यात होता, मुदपाकखान्याचं धुराडं दुरुस्त करायला. सकाळी दहाच्या सुमाराला पहाऱ्यावरच्या माणसाला दरीत धूर दिसला. आर्नुल्फचं ज्याच्याशी वैर होतं त्याचे घोडेस्वार, शंभरावर, वरची दोन गावं जाळून खाली येत होते. घंटा वाजली.

गावानं ठरल्याप्रमाणे केलं. टोपल्या जिथल्या तिथे टाकल्या, पोरं काखेत मारली, म्हातारी माणसं पाठीवर घेतली, गाई सोडल्या आणि टेकडी चढली. तुम्ही आलात तोच रस्ता. कुणी रडत नव्हतं म्हणे, कुणी फार घाबरलंही नव्हतं. वर दरवाजा होता ना. वर पोचले तर दरवाजा बंद. घंटा वाजतेय आणि दरवाजा बंद.

आधी त्यांना वाटलं, आडणा काढायला वेळ लागतोय. मोठा ओंडका होता तो, चार माणसं लागत. मग आर्नुल्फ वर तटावर आला. तो ओरडला नाही, रागावलाही नाही. पावसाचा अंदाज सांगावा तशा आवाजात त्यानं सांगितलं की टाक्यात पाणी चाळीस माणसांना पुरेल एवढं आहे, आणि आत चाळीस माणसं आहेत. मग तो तटावरून खाली उतरला.

जरा विचार करा. आपणच वाहिलेल्या दगडांसमोर एकतीस घरं उभी होती. एक म्हातारा होता, ज्याचा मुलगा खाणीत मेला होता, तो दरवाजावर नुसता हात फिरवत राहिला. सासूबाई सांगत की तिथे शांतता इतकी होती की गाईंच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आतल्या माणसांना ऐकू येत होता.

काही जण तिथून जंगलात पळाले, जसं जमेल तसे. उरलेल्यांनी हिल्टाकडे बघितलं. आणि हिल्टा घाबरली नाही. ती म्हणाली, माझ्या माणसानं दगड ठेवलाय, चला माझ्यामागे. पळणाऱ्यांतल्या कित्येकांना तिनं हाका मारून परत बोलावलं. काही परत आलेही. बहुतेक बायका होत्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, ज्यांना जंगलात धावता आलं नसतं. पंचेचाळीस जणांना घेऊन ती तटाला वळसा घालून उत्तरेला आली. तिकडे कडा आहे, त्या कुंपणापलीकडे. भिंत आणि कडा यांच्यामध्ये बैलगाडीएवढी जागा. एकदा आत शिरलं की पुढे वाट नाही.

आत काय चाललं होतं तेही सांगतात. वेंडेल धुराड्यावरून उतरून दरवाजाकडे धावला होता, तिथे भालेवाले उभे. त्यांतले दोघे गावचेच होते. त्यांतला एक त्याच्या कानाशी लागला, घाबरू नकोस, हिल्टा त्यांना तुझ्या दगडाकडे घेऊन गेलीय, मी वरून बघितलं. त्याला वाटलं, आपण याला दिलासा देतोय. वेंडेल छिन्नी, हातोडा घेऊन पळत सुटला आणि त्या वाटेत आतल्या बाजूनं घुसला.

बाहेर हिल्टानं झुडपं बाजूला केली. तिच्यामागे पंचेचाळीस माणसं. तिनं खूण बघितली. गवंड्याची बायको ती, खुणेचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. तिनं मागे वळून कुणाला काही सांगितलं नाही. ती खाली बसली आणि दगडाला तोंड लावून म्हणाली,

"वेंडेल, खूण कोरलीस?"

आतून आवाज आला, "हो."

ती म्हणाली, "मग काढ आता."

दुसरं काही नाही. शिवी नाही, शाप नाही. मला सुरुवातीला वाटायचं, मी असते तर त्याला जिवंत सोडला नसता. पण तिला ठाऊक होतं की त्याचे हात चालायला हवेत. तिला तेवढंच हवं होतं.

त्या वाटेत एकच माणूस मावत होता, तोही पोटावर. हातोडा उगारायला वीतभर जागा. बाहेरून बायका सुऱ्यांनी, दगडांनी, हातांनी चुना खरवडत होत्या. आणि चुना सुटेना. तीन वर्षं मुरलेला, चक्क्यात कालवलेला, सगळा उन्हाळाभर वाळलेला. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं. दुपार झाली. त्याच्या बोटांची सालटं गेली, छिन्नीची धार गेली, दुसरी घेतली. शेवटी दगड फुटला, पण चुना सुटला नाही. हा कोपरा, गौतमीनं हात घातला तो, तेव्हा उडाला. तेवढ्यातून उजेड आला. आणि उजेडापाठोपाठ हिल्टाचा हात आत आला.

तिनं त्याचा हात धरला. त्यानं म्हणे तिला सांगायला सुरुवात केली, पाहुणा काय म्हणाला, चुना कसा काढला, तुला उद्या सांगणार होतो. ती म्हणाली, ते नंतर. आणि तेव्हाच टेकडीच्या या अंगाला घोड्यांचा आवाज आला.

त्या जागेत पळायला वाट नव्हती. याहून जास्त मी सांगत नाही, सासूबाईही सांगत नसत. एवढंच सांगत की आधी हात तिनं धरला होता आणि नंतर तो त्यानं धरला होता. आणि संध्याकाळपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

जंगलात पळालेले बहुतेक वाचले. हिल्टावर विश्वास ठेवून आलेला एकही नाही. ज्यांना तिनं हाका मारून परत बोलावलं होतं, तेही नाही. अहो खांबेटे, बसा तुम्ही, बाकावर बसा. मला माहीत आहे. इतकी वर्षं सांगतेय, मलाही अजून इथे थांबावं लागतं.

तिसऱ्या दिवशी घोडेस्वार निघून गेले. किल्ल्याला त्यांनी हातही लावला नव्हता. दरवाजा उघडला. आर्नुल्फनं वेंडेलला बोलावून सांगितलं की झालं ते वाईट झालं, पण पाण्याचा हिशेब बरोबर होता, चाळीस माणसं वाचली. वेंडेलनं मेलेल्यांना पुरायला मदत केली. मग परत आला, या दगडाच्या शेजारचे दगड काढले, आणि हा दगड चुन्यासकट ओढून बाहेर काढला. तो बाजूला ठेवला. मग त्याच्या वरचा काढला. तो पाठीवर घेतला आणि गावात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

आर्नुल्फ आधी हसला. एक माणूस, एक दगड, थकेल की. मग जंगलातून परतलेले लोक येऊन तेच करू लागले. ज्यानं जे वाहिलं होतं ते तो परत नेत होता. सरदारानं पहारेकऱ्यांना सांगितलं, हाकला यांना. भालेवाले जागचे हलले नाहीत. त्यांतल्या दोघांच्या आया उत्तरेच्या भिंतीखाली मेल्या होत्या. गावातून वर धान्य जाईना, लाकूड जाईना, मीठ जाईना. पहारेकरी एकेक करून उतरून गेले. तिसऱ्या हिवाळ्यात आर्नुल्फ एकटा घोड्यावर बसून निघून गेला असं सांगतात. कुठे गेला ते कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारलंच नाही. किल्ला न लढता, न जळता, तीस वर्षांत टेकडीवरून उतरून गावात गेला. खालच्या घरांच्या तळाचे मोठे दगड बघाल ना, ते तेच.

हा एक मात्र वेंडेलनं नेऊ दिला नाही. म्हणाला, हा इथेच राहील. जाता-येता लोकांनी बघावा. पुन्हा त्यानं हयातीत खूण कोरली नाही. त्याचं बघून इथल्या कुठल्याच गवंड्यानं कोरली नाही. गावातलं सगळ्यात जुनं घर बघा, कोपऱ्यान् कोपरा बघा, खूण सापडणार नाही.

आणि त्यानं खाली जे पहिलं घर बांधलं, एका म्हाताऱ्यासाठी, ज्याचं कुणी उरलं नव्हतं, त्यात दाराच्या उजव्या हाताला, कडीच्या उंचीवर, एक लहानसा दगड त्यानं चुना न लावता ठेवला. बाहेरच्यानं ओढला तर निघेल असा. भोक हाताएवढं. आत हात घालायचा आणि कडी काढायची. म्हाताऱ्यानं विचारलं, मग दाराचा उपयोग काय? वेंडेल म्हणाला, वारा अडवायला.

तुम्ही हसलात, पण मी एके काळी हसले नव्हते, मी आमच्या घराचा तसलाच दगड बंद केला होता. लग्नाचं पहिलं वर्ष. मिरजेची मुलगी मी, जानेवारीत इथे उणे पंधरा. दाराशेजारच्या एका फटीतून वारा सुरीसारखा यायचा. आमचे हे, आलोइस, कामावर गेले होते, सासूबाई दोन दिवस लेकीकडे. मी खालच्या खोलीतलं सिमेंट घेतलं, पाण्यात कालवलं आणि ती फट छान लिंपून टाकली. वर हात फिरवून गुळगुळीत केली. म्हटलं, संध्याकाळी यांना दाखवू, सुनेचं कौतुक होईल.

यांनी ते दाराबाहेरून बघितलं. आमचे हे फार शांत माणूस होते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, कुणीतरी गेल्याची बातमी आणलीय. त्यांनी कोट काढला नाही, टोपी काढली नाही. हातोडा आणला आणि बर्फात उभं राहून ते ओलं सिमेंट फोडायला लागले. मी रडायला लागले, मला कळेना माझं काय चुकलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांनी मला समोर बसवून सूप दिलं आणि ही गोष्ट सांगितली. आणि शेवटी म्हणाल्या, "पोरी, त्यानंही दोन दिवस साधले होते."

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी एकटी इथे वर आले आणि नखानं हा चुना खरवडून बघितला. तुम्हीही बघा. आठशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लाय, पण सुटत नाही.

आता शेवटचं सांगते आणि मग आपण उतरू. आलोइस गेले त्याला आठ वर्षं झाली. गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत मी स्वयंपाकघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी नर्स, मला आवाजावरूनच कळलं. फोन ओट्यावर, मी जमिनीवर, दार आतून बंद. सकाळी आठ ते दुपारी एक मी तशी पडून होते. घसा बसेपर्यंत ओरडले. मग आवाजही येईना. मला एकच दिसत होतं, तिथून, जमिनीवरून. दार, आणि दाराशेजारचा तो दगड.

शेजारची बिर्गिट, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तिला वाटलं आज रत्नाच्या धुराड्यातून धूर का नाही. ती दाराशी आली. हाक मारली, मला ओ देता येईना. मग दगड हलला. जरा आत आला, मग बाहेर गेला. तेवढ्या भोकातून उजेड आला. आणि मग हात आत आला, सुरकुतलेला, कडी चाचपडणारा. तो हात मी बघितला आणि मला हिल्टा आठवली. मोठ्यानं रडले मी. हाड मोडलं तेव्हा रडले नव्हते.

आजही ड्रोसेनबाखात घर बांधायचं असेल तर नगरपालिकेच्या नकाशात तो दगड दाखवत नाहीत, दाखवला तर मंजुरी मिळत नाही. सगळं बांधून झालं, तपासणीचा माणूस सही करून गेला, की मग गवंडी परत येतो आणि दाराशेजारचा एक दगड मोकळा करून जातो. त्याचे पैसे घेत नाही. आणि घरावर नाव घालत नाही.

चला. खाली घरी कांदेपोहे आहेत. मला गुडघ्यामुळे उतरायला वेळ लागतो, तुम्ही पुढे व्हा, निळ्या खिडक्यांचं घर. दार लावलेलं आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही, मी कधी बाळगतच नाही. उजव्या हाताला दगड आहे. ओढा, हात घाला आणि आत जाऊन बसा.